पारावर न वाचायचं पत्र

चांदा, मार्च १९५६

दादा,

माह्या जांघेतल्या गाठीचं आपरेशन झालं. डाक्टर म्हणे, पोटाचं आतलं अस्तर फाटलं का आतडी खाली उतरते. लंगोट कितीही कसला तरी भोक राहतेच, ते शिवाच लागते.

तलावात जाळं ओढताना तूही जांघ दाबून धरतं, मी पाह्यलं हाय. बाजूच्या खाटेवरच्यानं लाजेपायी लपवलं. आतडी अडकली, काल गेला बिचारा.

पण तुले वाचता येत नाई. मास्तर हे पारावर मोठ्यानं वाचन, अन् तू साऱ्यांदेखत हसून 'मले काई नाई' म्हणशीन. मंग जन्मात दवाखान्यात येणार नाई.

म्हणून धाडत नाई. टाके निघाले का मीच येतो. तलावावर आपण दोघंच असू तवा लंगोट सोडून शिवण दाखवीन. जाळ्याची पाहतं तशी बोटं फिरवून पाहजो.

तुहा धाकटा,
डोमा