पाकोळ्यांच्या घरातला कॅमेरा

साम्पित,
शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३

प्रिय ताई,

सलाम. तुझा गुडघा बरा असेल, नातवंडं शाळेत जात असतील. आम्ही ठीक आहोत. रान जळतंय, त्याचा धूर आहे, पण तो दर वर्षीचाच.

‘मामाने त्या घरात नुसता पसारा घातलाय’ असं तुझा जावई देदी म्हणतो, हे माझ्या कानावर आलं. म्हणून आईच्या दुकानावरच्या पाकोळ्यांच्या घरात मी माझ्या हाताने काय केलं, ते आधी लिहितो. कॅमेरे धरणारे लोखंडी हात: नळाचा जुना पाइप कापून, वाकवून, गंजाचा रंग देऊन. तारांच्या सांध्यांच्या डब्या: बिस्किटांच्या प्लास्टिकच्या बरण्यांमधून, कडा सिलिकॉनने बंद. रेकॉर्डरचं कपाट: उलिनच्या लाकडाचं, खाली जाळी, वर पंखा. वीज गेली तरी चित्र चालू ठेवणारी बॅटरीची पेटी. छतावरून जमिनीत नेलेली तांब्याची पट्टी, वीज पडली तर तिला वाट म्हणून. आणि पाखरं येण्याच्या भोकाशेजारची शिडी. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. पहिला कॅमेरा मी जाळला, दुसरा भिजवला, तिसऱ्यापासून हात बसला.

पत्र पाहून तू दचकली असशील. फोनवरचा निरोप देदी आधी उघडतो आणि जेवणाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवतो, म्हणून कागद घेतला. बसवाला उतू हे तुझ्याच हातात देईल. सोबत तळलेल्या सालुआंग मासळीचा डबा आहे, तो मात्र सगळ्यांना वाट.

घर विकलं गेलं का, असं तू चार वेळा विचारलंस. ईदला आली होतीस तेव्हा म्हणालीस, “सानी, मला मोठं काही नको. आतून कडी लागेल अशी एक खोली हवी.” मुलीच्या घरी फ्रिजशेजारी चटई टाकून तू निजतेस, रात्री पाण्याला उठणारा प्रत्येक जण तुला ओलांडून जातो, हे त्याच दिवशी सांगितलंस. माझ्या डोक्यातून ते गेलेलं नाही. सौद्याकडे येतोच, पण आधी एक समजून घे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तू हसून म्हणायचीस, कॅमेरा म्हणजे काय, खिळा ठोकायचा आणि टांगायचा. तसं नसतं. आधी जागा ठरवायची. भोकाकडे तोंड करून कॅमेरा लावला तर बाहेरचा उजेड थेट भिंगात शिरतो आणि पाखरू नुसतं काळा ठिपका दिसतं. म्हणून त्याची पाठ उजेडाकडे हवी आणि नजर आतल्या फळ्यांकडे, जिथे आपण सुपासाठी विकतो ती लाळेची घरटी असतात. मग तार. तिच्या पोटात आठ बारीक रंगीत तारा असतात, त्या ठरलेल्या क्रमानेच टोपीत बसवायच्या. क्रम चुकला तर चित्र येतच नाही, किंवा येतं आणि नेमकं नको तेव्हा जातं. डबीत शिरण्याआधी तार थोडी खाली झुलती सोडायची, म्हणजे पाणी त्या झोळातून ठिबकून जातं, डबीत जात नाही. आपल्या घरात तर कायमची ओल आणि विष्ठेची वाफ. तांबं महिन्याभरात हिरवं पडतं, म्हणून मी प्रत्येक सांध्यावर ग्रीस चोपडतो. अंधारात पाहायचे दिवे दोन जातींचे असतात. एक मिणमिणता लाल दिसतो, दुसरा मुळीच दिसत नाही. न दिसणाऱ्याची नजर तोकडी असते, तरी मी तोच घेतला. पाखरांना लाल ठिपका कशाला?

हे सगळं का, तर आईचा नियम तुला आठवतो. घरटी काढायचा दिवस सोडला तर आत माणूस जाणार नाही. परक्याच्या वासाने पाखरं उठतात. गिऱ्हाइकालाही कोणी आत नेत नाही. तेव्हा आत काय आहे हे सांगणारा एकटा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या वतीने बोलणारा मी. गावात म्हणतात, हमसानीचं चित्र म्हणजे हमसानीचा शब्द. मला ते ऐकायला आवडायचं, ताई. खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये एकही फळी मोकळी नव्हती. ते चित्र मी तुला दाखवलं होतं.

ऑगस्टमध्ये दलाल जुमरी आला. म्हणाला, “बानजारबारूचे हाजी बद्रुन घर घ्यायला येतील. तोवर पाखरं वाढव. छतावरचा आवाज मगरिबच्या नमाजानंतरही चालू ठेव.” पिल्लांच्या आवाजाची ती ध्वनिफीत आपण अंधार पडला की बंद करतो. पण विकायचं घर असलं की इथे सगळेच ती रात्रीही वाजवतात, भुलून आलेली चार पाखरं मुक्काम करतील या आशेने. मीही वाजवली. तुझ्या खोलीचा विचार डोक्यात होता.

पिल्लांचा आवाज पाखरांनाच ऐकू येतो असं नाही. घुबड आलं. मी पडद्यासमोर बसलो होतो. आधी दोन गोल पांढरे डोळे दिसले, मग पंख, मग फळ्यांवरून सगळी पाखरं एकदम सुटली. इतकं स्वच्छ चित्र मी आयुष्यात टिपलं नव्हतं. बांबू घेऊन शिडी चढेपर्यंत जे व्हायचं ते झालं. ध्वनिफीत बंद केली, भोक अरुंद केलं, तारा ताणल्या. घुबड यायचं थांबलं. पाखरंही थांबली. ती आता शेजारच्या नव्या तिमजली घरात जातात. संध्याकाळी आपल्या छतावर एक घिरटी घालतात, आली, असं मला वाटतं, आणि तिकडे शिरतात. मी सगळ्या तारा पुन्हा तपासल्या, भिंगं पुसली. कॅमेऱ्यात काही दोष नव्हता. फळ्या खरंच रिकाम्या होत होत्या आणि मी त्या एकेक करून रिकाम्या होताना बघत होतो. करण्यासारखं काही नव्हतं. अजूनही नाही.

गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी हाजीसाहेब आले. नमाज झाल्यावर सोतोचं सूप घेतलं, आईची आठवण काढली. सूर्य कलल्यावर छतावर उभे राहिले. पाखरं घिरट्या घालत होती. त्यांना काय माहीत ती कोणाची? जुमरीने मला जिन्यात गाठलं.

“मार्चचं चित्र लाव.”

“त्यावर तारीख असते.”

“मग घड्याळ बदल की. एवढे कॅमेरे लावलेस, घड्याळ बदलता येत नाही?”

“येतं.”

“मग झालं तर. घर विकायला काढलंयस की घड्याळ?”

मी रेकॉर्डरपुढे बसलो. तारीख बदलायला किती वेळ लागतो ते मला विचारू नकोस. तेवढ्यात हाजीसाहेब खाली उतरले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “राहू दे रे ते. माझे डोळे धुराने गेलेत, पडद्यावर काय दिसणार? तू तोंडाने सांग. जुमरीने मार्चचं सांगितलंय, आत अजून तसंच आहे ना?”

म्हणजे घड्याळालाही हात लावायची गरज उरली नाही. फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “नाही हाजीसाहेब. घुबड आलं होतं. पाखरं गेली.”

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. मग म्हणाले, “बरं झालं सांगितलंस,” आणि चपला शोधू लागले. जुमरी माझ्याकडे न बघता म्हणाला, “आता बस तुझ्या रिकाम्या फळ्या बघत.”

लोक म्हणतील, सानी सच्चा. तू तसं म्हणू नकोस. मी अल्लाला भिऊन बोललो, की हाजीसाहेबांची कीव आली म्हणून, की माझ्या कॅमेऱ्यांचा शब्द खोटा पडू नये म्हणून, हे मला आठवडाभर विचार करूनही कळलेलं नाही. शेवटचं कारण असेल तर तुझी खोली मी माझ्या नावापायी घालवली. मी तुला विचारायला हवं होतं. घर अर्धं तुझं आहे. पण तू काय म्हणाली असतीस हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी विचारलं नाही.

गिऱ्हाईक दुसरं मिळेल, असं मी लिहिणार नाही. रिकामं घर इथे कोणी घेत नाही. माझ्याकडे येऊन राहा असंही म्हणवत नाही. माझ्याकडेही चटईच आहे.

गुडघ्याला तेल लाव. रागावलीस तर उतूच्या हाती चार ओळी पाठव. नाही पाठवल्यास तरी मी समजेन.

तुझा धाकटा भाऊ,
सानी

ता. क. आकडा तुला जुमरीकडून किंवा देदीकडून कळू नये, म्हणून तो मीच लिहितो. माझं उत्तर ऐकण्याआधी हाजीसाहेबांनी सांगितलं होतं: घर जसं आहे तसं, सगळी रक्कम एकदम, सोमवारी बँकेत. ऐंशी कोटी रुपिया. त्यातले चाळीस कोटी तुझे होते.