मंदाबाईंनी मागितलेलं पाणी

आबांना रोहिणीचा वाकून नमस्कार.

आधी हे ऐका, मी बरी आहे. ताप आला होता, पण तपासणीत कोरोना निघाला नाही. आपल्या पाड्यावर फोन लागत नाही, म्हणून चोपड्याला निघालेल्या केळीच्या गाडीवाल्याजवळ ही चिठ्ठी देतेय.

वाटलं होतं, मळ्याचे मालक उखर्डूभाऊ आम्हा सगळ्या मजुरांना रस्त्यावर काढतील. शेजारच्या मळेवाल्याने तेच केलं. पण भाऊंनी मला पंपाच्या खोलीत वेगळं ठेवलं. मालकीण मंदाबाई दोन्ही वेळा भाकरी बांधावर ठेवून लांबूनच हाक मारायच्या.

भाऊ रोज ओरडतात, "सहा फूट लांब राहा!" एकाने केळीचा घड कापायचा, दुसऱ्याने खांद्यावर घ्यायचा, ते सहा फुटांवरून कसं जमणार? आम्ही हसतो, मग तेही हसतात.

आईचा खोकला थांबला का? खरं सांगा.

काल मंदाबाई आमच्या झोपडीपाशी आल्या. तोंडावरचा रुमाल खाली करून म्हणाल्या, "पोरी, माले पानी दे." आमच्याच माठातलं तांब्याभर पाणी प्यायल्या.

आबा, चार वर्षं येतोय आम्ही इथे. कोरोना नव्हता, तेव्हा आमच्या हातचं पाणी कधी प्यायल्या नव्हत्या.

तुमची धडधाकट लेक,
रोहिणी