उंदीरखोलीच्या दाराशी

आई, उद्या उंदीर संपवायचे आहेत आणि सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. चहा दोनदा उकळला आणि दोनदा ओतून दिला. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजची उंदीरखोली तुला आठवत असेल. तिथले पांढरे उंदीर मीच वाढवले, जोड्या लावल्या, पिल्लं आईपासून वेगळी केली. औषध विषारी आहे का, ते आता बाटलीत वाढवलेल्या पेशींवरच बघतात, त्यामुळे उंदरांचं काम संपलं. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेला ते नको आहेत. बाहेर सोडावेत, तर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला जीव एक दुपारसुद्धा काढणार नाही.

सर म्हणाले, "मॅडम, उद्या तुम्ही रजा घ्या. मदतनीस उरकून टाकेल." चांगल्या मनानंच म्हणाले. मी हो म्हणणार तोच मला तासगावचं आपलं बेदाण्याचं शेड आठवलं. वर गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं, आणि मी गड्याला सांगून ते जाळून घेतलं होतं. तू बेदाणा निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "केलं काय, करवलं काय, बरं झालं म्हणलं काय, समदं एकच. हात त्येचा हुता, पाप तुजं." त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस. मला तेव्हा तुझा राग आला होता, आणि थोडा अजून आहे. बाया कामाला येतात तिथं गांधीलमाश्या ठेवायच्या का? पण सरांना मी सांगून बसले, नको, मीच करते.

अजून एक दिवस आठवतो. पर्युषण संपून सगळ्या जीवांची क्षमा मागायचा, क्षमावणीचा दिवस आहे. तू माझा डबा घेऊन कॉलेजात येतेस आणि मी तुला उंदीरखोलीच्या दाराशी अडवते. बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून धुतलेला कोट घातल्याशिवाय तिथं कुणाला सोडत नाहीत. तू हसतेस. "तुमचं सोवळं माज्यापरीस लय कडक हाय गं. काय खात्यात त्ये?" कुठलाही जीव दिसला की तुझा पहिला प्रश्न हाच. मी सांगते. मग तू बंद दाराकडं तोंड करून हात जोडतेस. "आमचं काय चुकलं असंल तर क्षमा करा." पोरं बघत असतात, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी दबक्या आवाजात म्हणते, "तुझं काय चुकलंय? तू तर मुंगीसुद्धा उचलून बाहेर ठेवतेस." तू डबा माझ्या हातात देतेस. "तुज्याच पगाराचं खाते न्हवं मी."

आज पोरांनी पेढे आणले. मॅडम, आता हिंसा संपली, म्हणाली. मी पेढा खाल्ला. तू असतीस तर बाटलीवर वाकून विचारलं असतंस, ह्ये काय खात्यात? त्या पेशींना घालतो त्या गुलाबी पाण्यात कापलेल्या गाभण गाईच्या पोटातून काढलेल्या वासराच्या रक्ताचा अंश असतो. त्याशिवाय त्या वाढत नाहीत. हे ऐकून तू कुठल्या दाराकडं हात जोडले असतेस, कोण जाणे. बाटलीत बुरशी आली की मी पेशींसकट सगळ्यावर ब्लीच ओतते, हात धुते आणि डबा खायला बसते. काही वाटत नाही. उद्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते.

हा कागद कुठं धाडायचा नाही, तो कोटाच्या खिशात राहील. उद्या आत गेले की दार लावून घेईन आणि आधी तुझं वाक्य म्हणेन. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. तरी म्हणेन. खरं तर आता "आमचं" न म्हणता नुसतं "माझं चुकलं" म्हणायला हवं, कारण माझ्या पगाराचं खायला घरात दुसरं कुणी उरलेलं नाही. पण एकटीनं म्हणायचा धीर होत नाही. मी तुलाही त्यात धरणार आहे, आई. तुला न विचारता.