मागची कोरी पानं

प्रिय कीसकाढ्या,

या नावाने तुला हाक मारणारं माझ्याशिवाय कुणी असेल असं वाटत नाही, आणि मीही अकरा वर्षांत मारलेली नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच खणात टाकलं असतंस, तरी मी तुला दोष दिला नसता. पण उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सोबत दुसरं एक पाकीट आहे, चिकटवलेलं. ते एवढ्यात उघडू नकोस.

मावशी गेल्याचं मला चष्मेवाल्यांकडून कळलं, तेही तीन आठवडे उलटल्यावर. आपल्या समितीतले तेच एक अजून अधूनमधून माझी चौकशी करतात. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, आणि तेव्हापासून तुझी आई, बाप, मास्तर सगळं मावशीच. मी यायला हवं होतं. दारात उभी राहून तुला काय सांगायचं ते सुचलं नाही, म्हणून आले नाही. मावशीला मी एक शब्द दिला होता. तो पाळायच्या आधीच ती गेली. हे पत्र खरं म्हणजे तिचं देणं आहे.

तुला ती खोली आठवते का? दुसऱ्या मजल्यावरची, पुस्तकांचे फोटो काढायचं यंत्र मधोमध, पायाने दाबायची कळ, आणि कडेला ते डुगडुगणारं टेबल. पाच ग्रंथालयांची जुनी पुस्तकं एकत्र करून लोकांना पडद्यावर वाचायला द्यायची होती, आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. एकाच पानाला एक म्हणे मुखपृष्ठ, दुसरा म्हणे वेष्टन, तिसऱ्याच्या नोंदीत नुसतं ‘वरचं’. आमच्या ग्रंथालयाने तर जिथे अडेल तिथे ‘इतर’ लिहून हात झटकलेले. त्यावरून तू पहिल्याच दिवशी मला इतरबाई केलंस. मी तुझ्या शर्टाकडे बघत होते. बटणं एका घराने चुकलेली, कॉलरची एक बाजू कानाशी, दुसरी गळ्याशी. एवढा कीस काढणारा माणूस, आणि याला स्वतःची बटणं लावता येत नाहीत, असं मनात म्हटलं आणि बहुतेक तिथेच घसरले.

सगळ्यांनी वापरायचे त्रेचाळीस शब्द ठरवायला आपल्याला सात महिने लागले. नमनालाच घडाभर तेल गेलं. नकाशाच्या घडीच्या पानाला एक पान म्हणायचं की घड्या मोजायच्या, यावर अर्धा दिवस. अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना एकाच पानावर आली तर काय, यावर दोन दिवस. चष्मेवाले मधेच डुलकी काढायचे आणि जागे झाले की कुठल्याही बाजूने मत द्यायचे. तू काम करताना गुणगुणायचास, ना सूर ना ताल, नुसती एक बारीक घरघर. बाकीच्यांना त्याचा वैताग यायचा. मला ती थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. अजूनही होतं.

चाचणीसाठीचं पुस्तक मी निवडलं होतं. क्षयरोग्यांचं एक इस्पितळ बंद पडलं, तेव्हा तिथल्या वाचनालयाची बासष्ट पुस्तकं आमच्याकडे आली होती. त्यातलं एक शिवणकामाचं. त्यात आपल्या यादीतलं जवळजवळ सगळं होतं: शुद्धिपत्र, चित्रं, कपडे बेतायच्या आकृत्यांची, उलगडली की टेबलाबाहेर लोंबणारी पानं. दोघांनी एकमेकांचं न बघता प्रत्येक पानाला यादीतला शब्द द्यायचा आणि मग दोन रकाने शेजारी ठेवून ताडून पाहायचे, असं ठरलं. दोनशे अठरा पानांपैकी दोनशे सतरांवर आपलं एकमत झालं. राहिलं एक. छापील मजकूर संपल्यानंतरचं, एरवी कोरं असतं ते मागचं पान. त्यावर कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी माझ्या रकान्यात ‘हस्तलिखित’ लिहिलं. तू तुझ्या रकान्यात ‘कोरं’ लिहिलंस.

तुझं म्हणणं मला आजही पाठ आहे. लेखकाने लिहिलं, छापणाऱ्याने छापलं, बांधणाऱ्याने बांधलं, तेवढंच पुस्तक. वाचकाने नंतर काय खरडलं त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तू वरचे दोन शब्द मोठ्याने वाचलेस, ‘माझ्या भुंग्या’, आणि म्हणालास की कुणाचं तरी प्रकरण दिसतंय, आता आपण यादी करायची की चोंबडेपणा. सगळे हसले. मीही हसले. तीन दिवस भांडले मात्र. चौथ्या दिवशी तू दमलेल्या चेहऱ्याने आलास, बटणं पुन्हा चुकलेली, आणि मला वाटलं, जाऊ दे, एका पानासाठी कशाला. आपलं लग्न ठरू घातलं होतं. पटलं म्हणून नव्हे, तुला हसताना बघायचं होतं म्हणून मी हो म्हटलं. सतराव्या नियमाखाली आपल्या दोघांच्या सह्या झाल्या: वाचकाच्या लिखाणाची पानं कोरी समजावीत, आणि कोरी पानं पडद्यावरच्या प्रतीतून गाळावीत.

इस्पितळाची उरलेली एकसष्ट पुस्तकं माझ्या वाटणीला आली. दिवसाला चारशे पानं उरकायची असायची. त्यातल्या सव्वीस पुस्तकांच्या मागे पेन्सिलीचं लिखाण होतं, आणि सव्वीस वेळा मी ‘कोरं’ लिहिलं. एकदाही थांबून वाचलं नाही. नियम म्हणजे नियम, आणि नियमाखाली माझीच सही. कागद इतका कुजका होता की फोटो काढताना कडा हातात यायच्या, म्हणून पुस्तकं नंतर लगद्याला गेली. गाळलेल्या पानांचे फोटो सहा महिने ठेवून पुसायचे, हेही आपणच ठरवलं होतं.

ते फोटो पुसून दोन महिने झाल्यावर आपण लग्नाचं बोलायला मावशीकडे गेलो होतो. तू नळ दुरुस्त करायला माणूस आणतो म्हणून बाहेर पडलास. मी आणि मावशी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. तू नसल्याची खात्री करून तिने मला सांगितलं. तुझी आई त्या इस्पितळात चौदा महिने होती. लागण नको म्हणून तिथलं कागदाचं चिटोरंही लहान मूल असलेल्या घरी न्यायला बंदी. मावशी भेटायला जायची तर मधे काच. “ताई काचेपलीकडून ओरडून सांगायची,” मावशी म्हणाली, “मी त्याला पुस्तकांच्या मागच्या पानांवर लिहून ठेवतेय गं. इथली पुस्तकं कुठे जात नाहीत. मोठा झाला की त्याला आण आणि वाचायला दे.” तू मोठा होईपर्यंत इस्पितळ बंद पडलं होतं. पुस्तकं कुठल्याशा ग्रंथालयाला दिली, एवढाच तिला पत्ता लागला. “पोराला बोलले नाही. उगाच वणवण करत बसला असता. तू त्याच कामातली आहेस, तूच शोध बाई माझ्या भुंग्याचं ते.” झोपताना तू घरघर करायचास म्हणून आईने तुझं नाव भुंगा ठेवलं होतं. आई गेल्यावर कुणी त्या नावाने हाक मारली की तू रडायचास, म्हणून मावशीने ते नाव घरातून काढूनच टाकलं.

माझ्या हातून चादरीची टोकं सुटली. मावशीला वाटलं, मला तुझी माया आली. मी शोधते म्हटलं. तेवढ्यात तू नळवाल्याला घेऊन आलास, आणि आपण चहा प्यायलो.

काय सापडणार ते मला कळून चुकलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी जाऊन मी नोंदी उघडल्या. बासष्ट पुस्तकं, त्याच इस्पितळाची. सव्वीस ओळींत ‘कोरं’, पुढे माझी आद्याक्षरं. फोटो पुसलेले, कागद लगद्यात. चाचणीचं पुस्तक तेवढं वेगळं ठेवलेलं होतं, म्हणून एक पान वाचलं. त्याच्याशेजारी दोन रकाने, आणि त्यातला एक तुझा.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? पान तुझ्या हातात ठेवायचं तर तू त्यावर काय लिहिलं होतंस, कसा हसला होतास, हेही ठेवावं लागलं असतं. आणि उरलेली सव्वीस कुठे आहेत असं तू विचारलं असतंस. तीन आठवडे मी मिठाची गुळणी धरून तुझ्यासमोर बसले. तू गुणगुणायला लागलास की मला उठून बाहेर जावं लागायचं. मग मी दुसऱ्या गावची जागा घेतली आणि तुला सांगितलं की मला माझं काम मोठं वाटतं. तू समजलास, सतराव्या नियमात हरले त्याचा मी राग धरला. मी तसं समजू दिलं. मावशीला दर वर्षी एक कार्ड पाठवत राहिले, शोधते आहे, शोधते आहे. दर वर्षी तिचं उत्तर यायचं, सावकाश शोध, घाई नाही. गेल्या वर्षीच्या उत्तरातलं अक्षर फार थरथरलेलं होतं, आणि तरी मी बोलले नाही. याची मला स्वतःला माफी नाही, तुझ्याकडे तर मागतच नाही.

आता नव्या समितीला सतरावा नियम बदलायचा आहे. वाचकाच्या लिखाणालाही यादीत स्वतःचा शब्द द्यायचा, आणि त्यासाठी तो नियम करणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात. तुझं लेखी उत्तर काल माझ्याकडे अभिप्रायासाठी आलं: असल्या खरडींना जागा देण्याची गरज वाटत नाही. त्याच वळणदार अक्षरात, खाली तीच सही. ‘कोरं’ तू नव्हे, मी लिहिलं होतं असं खोटं सांगणारी तीन पत्रं मी लिहिली आणि तिन्ही फाडली, कारण तू रकाना पाहशील आणि तुझं अक्षर ओळखशील. म्हणून आहे तसं पाठवते आहे. चिकटवलेल्या पाकिटात ते पान आहे, दोन्ही रकान्यांसकट. माझी सही मी केली आहे, शेजारची जागा तुझी. तू करशील की नाही, मला ठाऊक नाही. पान मला अकरा वर्षं पाठ आहे, आणि ते तुझं आहे, माझं नाही. आधी तुझी आई लिहिते की तिला खिडकीजवळची खाट मिळाली, खोकला आज कमी आहे, आणि तू आपले कपडे आपण घालायला लागलास असं मावशीने काचेतून सांगितलं. आणि मग लिहिते: भुंग्या, बटणं वरून लावायला घेऊ नकोस, वरचं आपल्याला दिसत नाही. सगळ्यात खालचं बटण खालच्या काजात घाल आणि तिथून वर ये, म्हणजे चुकणार नाही.

तुझीच,
इतरबाई