आक्काचा गळा आणि नाशिकची बाटली

सिरसाळा,
सोमवार

तीर्थस्वरूप आक्कास, धाकट्या सुंदररावचा दिंद्रुडच्या दिशेनं वाकून नमस्कार.

आधी सांग, तुझा गळा कसा आहे? दुखतबिखत नाही ना? आवाज बसला नाही ना? (सहज विचारतो.) इकडे मंजुळा ठीक, म्हैस ठीक. पत्र अशासाठी, की फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यालाच गप्प करतेस.

तुझ्या हुकमाप्रमाणे आम्ही दोघं नवराबायको आरोहीला आणायला नाशिकला गेलो. आपल्या घरची लेक वायनच्या कारखान्यात लोकांना पाजते, हे तुला सहन झालं नाही, मलाही झालं नव्हतं. तिची बॅग मी स्वतः उचलून आणणार होतो. पण तिथं तिकीट काढलेली पंधरावीस माणसं लांब टेबलाशी बसलेली, आणि आपली आरोही हातात बाटली घेऊन त्यांना शिकवतेय: आधी रंग बघा, मग वास घ्या, मग घोट. मोठमोठी माणसं माना डोलवत होती. (आम्हालाही तिनं त्यांतच बसवलं.) आक्का, शाळेत कविता म्हणताना थरथरणारी ती हीच का, असं वाटलं. ऊर भरून आला.

तिथंच घोटाळा झाला. ती प्रत्येकाला पेल्याच्या बुडाशी जेमतेम घोटभर वाढी, आणि ही पुण्याची मंडळी तो तोंडात खळखळवून चक्क मधल्या भांड्यात थुंकत! पाच बाटल्या मी सोसलं. सहावीला राहवेना. बाह्या सारल्या, तिच्या हातून बाटली घेतली आणि आपल्याकडे पंगतीत फिरतो तसा आग्रह करत निघालो. "घ्या की राव, लाजता कावून? पोरीनं वाढलंय, टाकायचं न्हाई." ज्यानं हात आडवा केला त्याच्या बोटांवरून ओतलं. (जिलबीच्या पाकाला हे चालतं, इथं चालत नाही.) एका बाईंचा पांढरा कुर्ता तांबडा झाला.

आरोहीनं मला हाताला धरून बाहेर नेलं. वाटलं, आता बोलेल. तर म्हणाली, "आबा, मी बी थुंकतेच की. दोन वर्सं झाली, रोज चाखते अन् रोज थुंकते. आत्यानं तिच्या गळ्याची शपथ घातलीय, थेंब पोटात जाऊ द्यायचा न्हाई म्हणून. मोडली तर तिच्या गळ्याला काय झालं म्हंजे?" मग डोळे पुसून ती आत गेली, माझ्या वतीनं सगळ्यांची माफी मागायला. मी बॅगेचं नावही काढलं नाही.

तुझा,
सुंदरराव

ता. क. तिला आणलं नाही म्हणून मला हवं ते बोल, पण आधी तिला फोन कर. वर्षभर तू तिच्याशी बोलली नाहीस, आणि ती मात्र रोज तुझा गळा जपतेय. मला फार वाईट वाटलं गं.

आणखी एक. निघताना तू मलाही तीच शपथ घातली होतीस. थुंकण्याची सोय कशासाठी, हे मला फार उशिरा कळलं. माझे पाच पेले, आणि मंजुळा शिवेना म्हणून तिचेही पाच. तेव्हा तिच्याशी बोलून झालं की लगेच मला फोन करून "शपथ सुटली" म्हण. तोवर गार पाणी पिऊ नकोस.