तळाजवळचं पाणी

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि माझं काम नेमकं काय, हे मी तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय. मी कॅनडात, सस्काटूनला असते आणि नद्यांमधला गाळ मोजते. डोंगरातून सुटलेली माती-रेती पाण्याबरोबर किती निघाली, वाटेत किती बसली, समुद्राकडे किती गेली, ते बघते. तुम्ही हसाल. वैतरणेच्या खाडीत बुडी मारून बादलीने रेती काढण्यात तुमचं आयुष्य गेलं, डाव्या कानाचा पडदा गेला, आणि मुलगी त्याच रेतीवर पगार घेते.

मी चौथीत असेन. आईने दिलेला डबा घेऊन बंदरावर आलेय, शाळेला सुट्टी म्हणून तुम्ही मला होडीत घेता. तुम्ही खाली गेलात की मीही श्वास धरते, आणि दर वेळी माझाच आधी सुटतो. मग मी तांब्याने पाणी काढते, उजेडात धरते आणि तुम्ही वर आल्या आल्या सांगते, "बाबा, आज पाणी साफ आहे. रेती नाहीच!" दोर ओढणारे दोघे हसतात. तुम्ही हसत नाही. "वरनं बघून सांगायचं नाय," तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता. मग माझा हात भरल्या बादलीत दाबता. "वरच्या पान्यात निस्ता चिखल. रेती जड, ती तळाजवळनं पळते. पानी एकच दिसतं, पन वर एक नि खाली दुसरं." मी संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते.

दोन हजार सतराच्या जूनमध्ये आम्ही सस्काटूनपासून दोन तासांवरच्या एका पुलावर उभे होतो. डोंगरातलं बर्फ वितळून नदी फुगलेली, वरून पाऊस. खाली दूरवर, जिथे नदीला फाटे फुटून ती दलदलीत पसरते, तिथले लोक विचारत होते की वर धरणं झाल्यापासून आमच्याकडे गाळ किती कमी येतो. त्यांना आमचा आकडा जाणार होता. माझ्या सुपरवायझरला अजून एक पूल गाठायचा होता. माणूस चांगला, पण घाईत. म्हणाला, "बाटली वरच्या वर भरून घे. गुड इनफ."

"नाही," मी म्हटलं. "रेती खाली आहे."

"दर वेळी आपण असंच घेतो."

"मग दर वेळी चुकतो. वरच्या बाटलीच्या आकड्यावर मी सही करणार नाही."

नोकरी लागून मला जेमतेम आठ महिने झाले होते. तो घड्याळात बघून म्हणाला, "ओके, दोन्ही कर." मग मी माशाच्या आकाराचं ते जड यंत्र, पोटात बाटली असलेलं, वरपासून खालपर्यंतचं पाणी सारखं भरावं म्हणून एकाच वेगाने तळापर्यंत सोडलं आणि त्याच वेगाने वर घेतलं. बोटं सुन्न झाली होती, पण हात एकदाही अडखळला नाही. लॅबमध्ये दोन्ही बाटल्यांतलं पाणी गाळणकागदातून गाळलं, कागद वाळवले. वरच्या पाण्याच्या कागदावर पिवळट डाग होता. दुसऱ्यावर बोटाला खरखरीत लागणारे कण, आणि वजन जवळजवळ तिप्पट. सुपरवायझरने काटा पुन्हा तपासला, मग खुर्चीत बसला. त्या मोसमातल्या सगळ्या पुलांवर आम्ही परत गेलो. दलदलीतल्या लोकांना गेलेला आकडा खरा होता, बाबा. तेव्हापासून इथे नव्या माणसाला यंत्र सोडायला मीच शिकवते, आणि चुकला तर ओरडतेही.

एक मात्र राहिलं. त्या दिवशी लॅबमधून निघताना त्याने मनापासून विचारलं होतं, "हे तू कुठे शिकलीस?" तुम्ही माझ्या जिभेवर होतात. मी म्हटलं, "युनिव्हर्सिटीत." त्याने मान डोलावली. तो गेल्या वर्षी रिटायर झाला, आणि अजूनही त्याला तेच खरं वाटतं.