अंबडचा निळा झेंडा

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार
अंबडच्या कारखान्यात सुरक्षा सुपरवायझर म्हणून रुजू झालो. फौजेतून निवृत्त झाल्यापासून घरी बसून बायकोचं डोकं खात होतो, सुटली बिचारी. गेटसमोर उंच खांब, त्यावर कंपनीचा निळा झेंडा. सकाळी चढवायचा, सूर्यास्ताला उतरवायचा, हे माझ्याकडे. हे तर मी झोपेतही करीन. लेक रूपाली इथेच पॅकिंगला आहे. दुपारचा डबा आता बापलेक मिळून खाणार. फार बरं वाटतंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार
झेंडा चढवताना निम्म्यावर अडकला. कप्पीला तेल दिलं, दोराला हिसके दिले, ढिम्म हलला नाही. संध्याकाळी आपसूक सुटला. बागेचं काम बघणारा गोटीराम जवळ येऊन हळूच म्हणाला, मधीच थांबला तर वर नका बघू साहेब, खाली माणसं मोजा. नव्या माणसाची फिरकी घेतोय झालं.

६ फेब्रुवारी
स्टोअरचा प्रफुल्ल काल घरी जाताना ट्रकखाली गेला. दुखवट्याचा झेंडा माणूस गेल्यावर अर्ध्यावर आणतात. हा आधीच थांबला होता. योगायोग असेल. आहेच.

११ फेब्रुवारी
पुन्हा निम्म्यावर. कँटीनच्या सरुबाई भात वाढता वाढता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.
गोटीरामला खोदून विचारलं. म्हणाला, मागच्या वर्षी मोठे मालक वारले तवा झेंडा अर्ध्यावर होता. दुखवटा सरला त्या दिवशी लय घाई, तेव्हाच्या सुपरवायझरने तो तिथूनच सरळ खाली ओढला. तवापासून हे असं हाय.
फौजेतला नवा रंगरूटही ही चूक करायचा नाही. अर्ध्यावरचा झेंडा उतरवताना आधी पार टोकाला न्यायचा, मगच खाली. तेव्हा दुखवटा संपतो. इथला संपलेलाच नाही.

१२ फेब्रुवारी
रूपालीला म्हटलं, नोकरी सोड. हसली. बाबा, तुम्ही कधीपासून असलं मानायला लागलात, म्हणे. मॅनेजर म्हणाले, उद्या परदेशी पाहुणे आहेत, झेंडा हवाच. मला भीती वाटते. आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय हे.

१३ फेब्रुवारी, सकाळ
आज चढवलाच नाही. घडी करून कपाटात ठेवला, कुलूप लावलं. चहा घेऊन आलो तर — निम्म्यावर. किल्ली माझ्याच खिशात. आणि रूपाली आत, शिफ्टला —

दुपार
तिला बाहेर बोलावून समोर उभी केलीय. डोळ्यांसमोर असू दे. टोकाला नेला की संपेल. तळवे सोलले. थोडा हलला — परत ओढतो —

गेला. पार टोकाला. रूपाली टाळ्या वाजवतेय. मी सगळ्यांदेखत रडलो. दोर खुंटीला पक्का बांधलाय, वही घेऊन जरा टेकलोय. आता फक्त खाली —

नाही. अर्ध्यावर आणायचा असतो तेव्हाही आधी टोकालाच नेतात. नव्या दुखवट्याची सुरुवात तशीच — मीच केली —

दोर बांधलेलाच आहे. झेंडा उतरतोय. सावकाश, रीतीने. निम्म्यावर नको — थांबू नको —

थांबला.

रूपालीच्या टाळ्या बंद. तिचा हात छातीवर, ती माझ्याकडे बघून काहीतरी